प्रार्थना करूनही वर्ग हाताबाहेर गेला, तेव्हा

ताई,
प्रभूच्या नावात सलाम. मी चोवीस वर्षांची आहे. आमच्या मंडळीतर्फे दहा दिवसांच्या मिशन ट्रिपला गेले होते. मुलांना बायबलच्या गोष्टी, गाणी आणि थोडं लिहाय-वाचायला शिकवायचं काम माझ्याकडे होतं. याआधी मी कधीच शिकवलेलं नाही. गटप्रमुख म्हणाले, “तू फक्त प्रार्थना कर, बाकी पवित्र आत्मा बघेल.” मी खरंच तेवढंच केलं. पहिले दोन दिवस निभावले. तिसऱ्या दिवशी चाळीस मुलं आणि मी एकटी, कुणी ऐकेना. मी मध्येच डोळे मिटून प्रार्थना केली. डोळे उघडले तर अर्धा वर्ग बाहेर पळाला होता. काही मुलं ख्रिस्ती घरातली नव्हती. त्यातली एक हात जोडायला तयार होईना, म्हणून तिला मी बाजूला बसवलं आणि खाऊ सगळ्यांत शेवटी दिला. परत आल्यावर माझी मावशी, जी शिक्षिका आहे, म्हणाली, “असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, अशाने मुलं शिकत नसतात.” ते फार लागलं.
पण झोप उडालीय ती वेगळ्याच गोष्टीने. आठेक वर्षांच्या एका मुलाने मला विचारलं, “मी रोज प्रार्थना केली तर माझे बाबा घरी परत येतील?” मी “हो” म्हणाले. पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा तिथेच जाणार आहोत. माझा विश्वास कमी पडला का? प्रार्थनेवर अवलंबून राहणं चूक होतं का? आणि त्या मुलाला काय तोंड दाखवू?

प्रिय मुली,

तुलाही प्रभूच्या नावात सलाम. तुझं पत्र जागेअभावी थोडक्यात छापलंय. मूळ पत्रात वर्गाबद्दल दोन पानं आहेत आणि त्या मुलाबद्दल चार ओळी. त्या चार ओळींकडे मी येणारच आहे. त्यांच्यासाठीच तर हे उत्तर लिहायला बसले. पण आधी वर्गाचं बोलू, कारण त्या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे असं मला वाटतं.

तुझा विश्वास कमी पडला म्हणून मुलं पळाली, हे डोक्यातून काढून टाक. पाच ते बारा वयाची चाळीस मुलं, मोठं माणूस एकच आणि हातात ठरलेलं काही नाही, अशा वर्गातून मुलं पळतातच. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय २० वाच. बोलणारा प्रत्यक्ष प्रेषित पौल होता. बोलणं मध्यरात्रीपर्यंत लांबलं, माडीवर पुष्कळ दिवे होते, आणि खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण पेंगत पेंगत तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलाच्या विश्वासात खोट होती असं तिथे कुणी म्हणत नाही. पौल खाली गेला, त्याने त्या पोराला कवटाळलं. ऐकणाऱ्याचं शरीर थकतं, कंटाळतं, झोपी जातं, हे शास्त्राने लपवलेलं नाही.

आता गटप्रमुखांचं वाक्य. ते वाईट हेतूने बोलले नसतील. पण कधीच न शिकवलेल्या मुलीला चाळीस मुलांपुढे एकटीला उभं करायचं आणि वर “फक्त प्रार्थना कर” म्हणायचं, याला मी जबाबदारी झटकणंच म्हणेन. तू मदत मागायला गेली होतीस आणि तुझ्या हातात एक वाक्य ठेवलं गेलं. त्या वाक्यात “प्रार्थना कर” हे खरं आहे, घोळ आहे तो “फक्त” या शब्दात.

वर्गात उभ्या उभ्या केलेली प्रार्थना कशी असते हे पाहायचं असेल तर बायबलमधल्या नहेम्याकडे जा. तो शूशन राजवाड्यात राजाचा प्यालेबरदार, म्हणजे राजाला द्राक्षारसाचा प्याला देणारा सेवक होता. यरुशलेमेचा तट पडलाय, वेशी जळाल्यात, ही बातमी त्याला यहुदी वर्षातल्या किसलेव महिन्यात कळली. तो खाली बसून रडला, त्याने उपास केला, प्रार्थना केली. पुढे नीसान महिन्यात राजाने त्याचा पडलेला चेहरा पाहून विचारलं, तुला काय हवंय? नहेम्या सांगतो, मी स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली आणि राजाला उत्तर दिलं. राजाचा प्रश्न आणि त्याचं उत्तर यांच्यामध्ये किती वेळ असेल? एक श्वास. राजासमोर त्याने डोळे मिटले असतील असं मला वाटत नाही.

पण त्या श्वासानंतर तो काय बोलला ते बघ. किती दिवस लागतील ते त्याने सांगितलं. नदीपलीकडच्या सुभेदारांसाठी पत्रं मागितली. राजाच्या रानाचा रखवालदार आसाफ याच्या नावाने लाकडाची चिठ्ठी मागितली, आणि ते लाकूड कशाकशासाठी हवंय तेही मोजून सांगितलं: वेशींसाठी, तटासाठी, स्वतः राहायच्या घरासाठी. रखवालदाराचं नावसुद्धा त्याच्या तोंडावर होतं! किसलेव ते नीसान म्हणजे सुमारे चार महिने. त्या चार महिन्यांत तो गुडघ्यांवर होता आणि त्याच वेळी मनात सगळा हिशेब मांडत होता. आणि काम झाल्यावर तो काय म्हणतो? देवाचा वरदहस्त माझ्यावर होता म्हणून राजाने दिलं. आपल्या तयारीमुळे मिळालं, असं तो कुठेच म्हणत नाही. पुढे अध्याय ४ मध्ये शत्रू चालून येणार असं कळल्यावर त्याने पुन्हा हेच केलं. देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा ठेवला. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात आहेत, आणि त्यांच्यामध्ये “पण” नाही.

तू तिसऱ्या दिवशी जो एक श्वास देवाकडे टाकलास तो योग्यच होता. त्याच्यामागे चार महिने नव्हते, इतकंच. आणि हो, चाळीस मुलांपुढे उभी असताना डोळे मिटू नकोस. हे मी अगदी गंभीरपणे सांगतेय. प्रार्थनेला डोळे मिटावे लागत नाहीत. पॅरिसमधल्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा साधा सेवक स्वयंपाकघरात राबता राबता देवाशी बोलत असे. १६९१ मध्ये तो वारला, पण लोक त्याची आठवण आजही काढतात. हात भांड्यांत आणि मन देवापाशी. तुझे डोळे मुलांवर आणि मन देवापाशी, असं जमायला हवं. सवयीने जमतं.

प्रार्थनेवर जगलेल्या माणसांच्या गोष्टी सांगताना आपण अर्ध्यावर थांबतो, अशी माझी तक्रार आहे. जॉर्ज म्युलर (१८०५ ते १८९८) यांचंच घे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला त्यांनी अनाथ मुलांसाठी घरं चालवली, कुणापुढे हात न पसरता, देवाकडे मागून. त्यांच्या हयातीत दहा हजारांवर मुलं तिथे वाढली. संडे स्कूलमध्ये आपण हे इथपर्यंत सांगतो. पण म्युलर पैशापैशाचा हिशेब ठेवत आणि तो छापून लोकांपुढे मांडत. मुलांच्या शिक्षणाची तजवीज होती आणि मोठं होऊन बाहेर पडताना कामधंद्याचीही सोय होती. आपल्या पंडिता रमाबाईंनी म्युलर यांच्याविषयी वाचलं होतं, आणि त्या वाचनाचं आपल्या विश्वासाला बळ मिळाल्याचं स्वतः लिहून ठेवलं आहे. त्यांच्या मुक्ती मिशनात प्रार्थनेचे गट होते, आणि त्याच आवारात शाळा, विणकाम आणि छापखानाही होता. यातलं एक दुसऱ्याच्या आड आलं नाही.

म्हणून तुला सांगते, या महिन्यात पहिलं काम कर: मावशीकडे जा. तिच्या बोलण्यात टोमणा आहे खरा, पण मला त्यात कळकळ जास्त दिसते. तू देवाकडे मदत मागत होतीस, आणि ज्या बाईला वर्ग सांभाळता येतो ती तुझ्या घरातच आहे. तिला म्हण, “मला शिकव.” तिच्या वर्गात दोन-तीन दिवस मागच्या बाकावर बसता आलं तर फारच छान. मुलं गलका करायच्या आधी ती काय करते ते बघ, नंतर काय करते ते नव्हे. चांगली शिक्षिका गोंगाट सुरू व्हायच्या आधीच जागची हललेली असते.

गोष्टी कमी घे. दहा दिवसांना दहा गोष्टी लागत नाहीत. चार पुरतात, आणि तीच गोष्ट मुलांना पुन्हा ऐकायची असते. एकेक गोष्ट समोर ठेवून प्रार्थना कर, आणि देवाला नेमकं विचार: हे ऐकताना पाच वर्षांच्या मुलाला काय दिसेल? बारा वर्षांच्या मुलीला काय खुपेल? मग ती ओळखीच्या एखाद्या लहान मुलाला सांगून बघ. सात-आठ मिनिटांत संपत नसेल तर काप. गोष्ट संपली की मुलांना उठव, हातवाऱ्यांचं गाणं घे, काहीतरी हातात दे. बारा वर्षांच्यांना लहानांचे मदतनीस कर, ती खोड्या करतात त्या बहुतेक वेळा काम नसतं म्हणून. आणि गटप्रमुखांना आजच कळव की वर्गात तुझ्याबरोबर दुसरं मोठं माणूस हवंच. याबाबतीत माघार घेऊ नकोस. एकट्या मोठ्या माणसाने मुलांबरोबर बंद खोलीत असू नये, हा नियम मुलांच्या रक्षणासाठी आहे आणि तुझ्याही. प्रार्थना-सभा रात्री उशिरापर्यंत चालत असेल तर तू उठून झोपायला जा. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला आधी खायला दिलं, झोपू दिलं आणि मग पुन्हा खायला दिलं.

आता एक गोष्ट, जी तू विचारली नाहीस पण पत्रात ओळींमधून दिसते. वर्ग ऐकेना तेव्हा तू मुलांनाही “डोळे मिटा, हात जोडा” असं सांगितलं असणार. आपण सगळे सांगतो. प्रार्थना ही गप्प करण्याची युक्ती होऊन बसते. त्याने दोन मिनिटं शांतता मिळते, आणि मूल शिकतं की प्रार्थना म्हणजे मोठ्यांना राग आला की करायची गोष्ट.

हे मी स्वतः केलंय, म्हणून सांगते. शिकवायला लागले तेव्हा माझा आवाज मोठा होता आणि मला त्याचा अभिमान होता. प्रार्थना सुरू केली की भिंती दणाणत. दोन वेण्यांची एक मुलगी रोज खिडकीखाली बसायची, आणि मी प्रार्थना सुरू केली की दोन्ही कानांत बोटं घालून, अंग चोरून, भिंतीला चिकटायची. मला वाटलं, हट्टी आहे. दोनदा तिचे हात ओढून खाली केले. आमच्यात एक वयस्कर बाई शिकवायच्या, त्यांच्याकडे मी तक्रार केली. त्या एवढंच म्हणाल्या, “उद्या हळू आवाजात कर, आणि तिच्याकडे बघत कर.” दुसऱ्या दिवशी मी जवळजवळ कुजबुजतच प्रार्थना केली. तिचं एक बोट कानातून निघालं. चौथ्या दिवशी ती खिडकी सोडून सतरंजीवर येऊन बसली. खूप नंतर कळलं की तिच्या घरी आवाज चढला की पाठोपाठ मार यायचा. मी देवाच्या नावाने तो आवाज रोज तिच्या कानांवर आदळत होते. आज इतक्या वर्षांनीही वर्गात प्रार्थना करताना माझा आवाज आपोआप खाली येतो.

मुलांबरोबरची प्रार्थना एका वाक्याची असू दे, फार तर दोन. मत्तय ६ मध्ये प्रभू म्हणतो, पुष्कळ बोलल्याने ऐकलं जाईल असं समजून व्यर्थ बडबड करू नका, आणि लगेच जी प्रार्थना शिकवतो ती एका दमात म्हणून होते. एखादं मूल कोंबडीच्या मोडलेल्या पायासाठी प्रार्थना करेल. हसू नकोस, दुसऱ्यांनाही हसू देऊ नकोस. त्याने आपल्या जगातलं सगळ्यांत मोठं दुखणं देवापुढे ठेवलेलं असतं.

आणि ज्या मुलीने हात जोडले नाहीत, तिची माफी माग. इथे मला शब्द मऊ करता येणार नाहीत. खाऊ प्रार्थनेला बांधलास की ती प्रार्थना राहत नाही, तो व्यवहार होतो, आणि लहान मुलासमोर तो जबरदस्तीचा व्यवहार असतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात, कलम १४ मध्ये, मुलाच्या विचार, विवेक आणि धर्माच्या स्वातंत्र्याचा आणि त्यात आईवडिलांच्या मार्गदर्शनाचा आदर करावा असं म्हटलंय. पण मला त्याआधी मार्क १० आठवतं. येशूने मुलांना कवेत घेतलं, त्यांच्यावर हात ठेवले, आशीर्वाद दिला. आधी त्यांच्याकडून काही म्हणून घेतलं नाही. ट्रिपच्या आधीच आईवडिलांना स्पष्ट कळवा की इथे बायबलच्या गोष्टी आणि प्रार्थना असतील, आणि त्यांची संमती घ्या. प्रार्थनेच्या वेळी ज्याला नको त्याला चित्र रंगवत तिथेच, सगळ्यांमध्ये बसू दे. बाजूला काढू नकोस. आणि खाऊ वाटताना सुरुवात तिच्यापासून कर.

आता तो मुलगा.

तू “हो” का म्हणालीस ते मला कळतं. वर बघणारा तो चेहरा, आणि आपल्या हातात देण्यासारखं दुसरं काही नाही. घशाला कोरड पडते आणि “हो” निघून जातं. पण तू त्याला काय दिलंस ते नीट पाहू या. त्याने विचारलं होतं, मी रोज प्रार्थना केली तर. सगळा भार त्याने आधीच स्वतःवर घेतला होता. तू त्यावर शिक्का मारलास. आता तो मुलगा रोज प्रार्थना करत असेल, आणि बाबा आले नाहीत तर त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. एक, देव ऐकत नाही. दुसरी, माझ्यातच काहीतरी वाईट आहे. त्या वयाची मुलं दुसरी वाट धरतात. घरात काहीही बिनसलं तरी ते आपल्यामुळेच झालं असं त्यांना मनातून वाटत असतं. एखाद्या संध्याकाळी खेळून दमून तो प्रार्थना न करता झोपला असेल, तर तेवढीच रात्र तो मोजत बसेल.

वर्गाच्या आणि या मुलाच्या मुळाशी एकच गैरसमज आहे असं मी सुरुवातीला म्हटलं, तो हाच. तुला सांगितलं गेलं की प्रार्थना कर म्हणजे वर्ग सांभाळला जाईल. तू त्याला सांगितलंस की प्रार्थना कर म्हणजे बाबा येतील. दोन्हीकडे भरवसा ठेवला गेला तो प्रार्थनेवर, जणू ती फिरवली की कुलूप उघडणारी किल्ली आहे. भरवसा देवावर ठेवायचा असतो, आणि देव ऐकून “नाही” म्हणू शकतो. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनेच मागितलं, हा प्याला माझ्यापासून दूर कर. तो दूर झाला नाही. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला, आणि उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरेशी आहे. या दोघांनी प्रार्थना कमी केली असं म्हणायची कुणाची छाती आहे? मग आठ वर्षांच्या पोराच्या अंगावर हे ओझं आपण कोणत्या तोंडाने टाकायचं?

तिथे पोहोचल्यावर त्याच्याशी बोलायच्या आधी त्याला सांभाळणाऱ्या मोठ्या माणसाशी बोल. बाबा कुठे आहेत ते तुला माहीत नाही. ते कामासाठी दूर गेले असतील, तुरुंगात असतील, वारले असतील आणि मुलाला अजून कुणी सांगितलं नसेल. किंवा ते मारहाण करणारे असतील, आणि त्यांचं जाणं हीच त्या घराची सुटका असेल. तसं असेल तर तुझं “हो” त्याच्या आईला काय वाटलं असेल, याचा विचार कर. म्हणून आधी ऐक. मोठ्यांनी त्याला काय सांगितलंय, काय सांगायचं नाहीये, ते समजून घे. त्याच्या घरची गोष्ट फोडायचा अधिकार तुला नाही.

मग त्याला गाठ. सगळ्यांसमोर नको, पण सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी. खाली बस, तुझे डोळे त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येऊ देत. आणि साध्या शब्दांत सांग: “मागच्या वेळी तू मला बाबांबद्दल विचारलं होतंस. मी हो म्हणाले. मला ते माहीत नव्हतं, तरी म्हणाले. माझं चुकलं.” एवढं बोलून थांब. मुलांना मोठ्यांची माफी ऐकायची सवय नसते, ती पचायला वेळ लागतो. मग सांग, “बाबांचं जे झालं ते तुझ्यामुळे झालेलं नाही. तू कमी प्रार्थना केलीस म्हणूनही नाही.” आणि शेवटी, “तुला बाबांची आठवण येते हे तू देवाला सांगू शकतोस. रोज सांगायलाच पाहिजे असं नाही. राग आला तर तेही सांगू शकतोस.”

हे शेवटचं तुला धाडसाचं वाटेल. पण स्तोत्रसंहितेत १३ वं स्तोत्र काढून बघ. पहिल्या दोन ओव्यांत दावीद चार वेळा विचारतो, कोठवर? परमेश्वरा, कोठवर तू मला विसरणार, कोठवर तोंड लपवणार? ही प्रार्थनाच आहे, पवित्र शास्त्रात छापलेली. आपण मुलांना आभाराच्या आणि मागण्याच्या प्रार्थना शिकवतो, विलापाची शिकवतच नाही. मग ज्याचं मागणं पूर्ण होत नाही त्या मुलाकडे देवाशी बोलायला शब्दच उरत नाहीत. त्याला “कोठवर” हा एक शब्द दे. तो त्याला पुढे खूप वर्षं पुरेल.

बोलता बोलता त्याने मारहाणीचं किंवा अंगाला हात लावण्याचं काही सांगितलं, तर प्रार्थनेत ते गुंडाळून ठेवू नकोस. “कुणाला सांगणार नाही” असं वचन देऊ नकोस. त्याला खोदून खोदून विचारू नकोस. शांतपणे ऐक, “सांगितलंस ते बरं केलंस” म्हण, त्याचेच शब्द त्याच दिवशी कागदावर लिही, आणि मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांना ताबडतोब सांग. अशी जबाबदारी कुणावरच नसेल तर निघण्यापूर्वीच गटात एकाचं नाव ठरवा, आणि तक्रार कुठे करायची तेही विचारून ठेवा. प्रार्थना त्याच्याआधीही कर, नंतरही कर, त्याच्याऐवजी मात्र नाही.

याच्याच जोडीला व्हॉट्सॲपचं. मंडळीच्या ग्रुपवर “या मुलासाठी प्रार्थना करा, याचे वडील सोडून गेलेत,” असं फोटोसकट टाकलेलं मी पाहिलंय. कळवळा खरा असतो, पण त्या मुलाची गोष्ट दोनशे फोनांमध्ये जाते आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं. प्रार्थना-विनंतीत नाव लागत नाही. “एका मुलासाठी” एवढं लिहिलं तरी देवाला पत्ता कळतो.

निरोपाचंही आधीच ठरव. पहिल्याच दिवशी मुलांना सांग की आम्ही अमुक दिवशी जाणार आहोत, मधेमधे आठवण कर. “मी लवकरच येईन” हे येणं पक्कं असेल तरच म्हण. त्या मुलाला सोडून गेलेल्यांच्या यादीत आणखी एक नाव नको.

निघण्याआधी एक साधी वही घे. पहिल्या दिवशी मुलांची नावं लिही, फक्त पहिली नावं, दुसरं काही नको. रोज संध्याकाळी एकेक नाव घेऊन देवापुढे थांब. काही मागायचं सुचलं नाही तर ते मूल आज कुठे बसलं होतं, काय म्हणालं, एवढंच आठव. दोन-तीन दिवसांत तुझ्या लक्षात येईल की काही नावांवर तुला काहीच आठवत नाहीये. म्हणजे ती मुलं आज वर्गात होती आणि तू त्यांना पाहिलंच नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी आधी त्यांच्याकडे जा. त्या मुलीचं नाव त्यात असेल, त्या मुलाचंही असेल. आणि त्याला बोलायचं नसेल, माफी ऐकून तो नुसता खेळायला पळाला, तर तूही मागोमाग जा. चेंडू त्याच्याकडे टाक.

तुझी,
ताई